राखलेली वाट

अमेरिकेतील अ‍ॅपलाचियन डोंगरांतून जॉर्जियापासून मेनपर्यंत सुमारे ३,५०० किलोमीटरची पायवाट जाते. १९२१ साली बेंटन मॅके यांनी ती कल्पिली. मायरन एव्हरी या वकिलाने हौशी मंडळी जमवून १९३७ साली ती पुरी केली. पुढच्याच वर्षी वादळाने न्यू इंग्लंडमध्ये झाडे आडवी पाडली. मग महायुद्ध आले; रान माजले, वाट तुटली. १९५१ साली ती पुन्हा सलग झाली. आजही स्वयंसेवक टप्पे वाटून घेतात, झुडपे तोडतात, पावसाचे पाणी कडेला काढून देतात, पांढऱ्या खुणा रंगवतात. वेतन कसले ते नाही! मला या मंडळींचेच अप्रूप वाटते. वाट कल्पिणाऱ्याचे नाव इतिहासाने नोंदले. पण वाटसरूचे पाऊल पडते ते या अनामिकांच्या श्रमांवर.