हिरव्या टेकडीचा कॉम्प्युटर



आज एका चित्रापासून सुरुवात करू. हिरवीगार टेकडी, वर निळं आभाळ, पांढरे ढग. माणूस नाही, घर नाही. सरकारी कचेरीत, बँकेत, सायबर कॅफेत, झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटर सुरू झाला की पडद्यावर हेच चित्र यायचं. तिशी ओलांडलेल्या बऱ्याच जणींना ते आठवत असेल.

ते हाताने काढलेलं चित्र नव्हे, फोटो आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या सोनोमा भागात, १९९६ च्या जानेवारीत, चार्ल्स ओरिअर नावाच्या छायाचित्रकाराने तो टिपला. होणाऱ्या बायकोला भेटायला निघाला होता, वाटेत गाडी थांबवली. ती टेकडी मूळची द्राक्षबागेची. फायलोक्झेरा नावाची बारीक कीड वेलींच्या मुळांना लागली, बाग काढून टाकावी लागली आणि मोकळ्या रानात गवत उगवलं. ज्यांच्या घरी द्राक्षं आहेत त्यांना बाग उपटणं म्हणजे काय ते सांगायला नको. कुणाच्या तरी नुकसानीचं रान जगभर सुंदर म्हणून मिरवलं गेलं. असो.

हे चित्र ज्या प्रणालीसोबत यायचं तिचं नाव विंडोज एक्सपी. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ती २५ ऑक्टोबर २००१ ला बाजारात आणली. प्रणाली म्हणजे काय? घरातल्या कर्त्या बाईला डबे कुठे, किल्ल्या कुठे, कुणाला आत घ्यायचं, कुणाला दारातूनच परत पाठवायचं हे सगळं ठाऊक असतं. कॉम्प्युटरच्या आत ते काम प्रणाली करते. आपण टाइप केलेलं पत्र ठेवते, छपाईच्या यंत्राला हुकूम देते, इंटरनेटवरून येणाऱ्यांना दार उघडते किंवा लावते.

आता हे दार माणसांनीच बनवलेलं. लाखो ओळींच्या सूचना लिहिताना चुका राहतात, आणि प्रत्येक चूक म्हणजे कुडाला पडलेलं भोक. २००३ च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा किडा अशाच एका भोकातून शिरला आणि जगभरची यंत्रं आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागली. कॉम्प्युटरच्या आजाराचा एक प्रकार, पण त्याला किडाच म्हणतात, कारण तो एका यंत्रातून दुसऱ्यात आपला आपण पसरतो. भोक बुजवण्यासाठी कंपनी दुरुस्ती पाठवते, तिला पॅच म्हणतात. पॅच म्हणजे आपलं ठिगळच. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ठिगळं पाठवायची पद्धत सुरू झाली. २००४ मध्ये तर सुरक्षेसाठी मोठी दुरुस्ती आली, तीही फुकट.

म्हणजे विकत घेतलेल्या वस्तूची राखण वर्षानुवर्षं कंपनीच करत होती. शिवणयंत्र घेतलं की तेल आपण घालतो, सुई आपण बदलतो. इथे तसं नाही. आतल्या सूचना कंपनी सर्वांना खुल्या करत नाही, त्यामुळे ठिगळही तीच लावू शकते. तिने हात काढून घेतला की गावातला कितीही हुशार मेकॅनिक असो, त्याचं काही चालत नाही. मला या सगळ्या गोष्टीत हीच गाठ सर्वांत महत्त्वाची वाटते.

कंपनीचं म्हणणं असं की जुनं सांभाळायला माणसं आणि पैसा लागतो, आणि २००१ चं दार नव्या चोरांपुढे टिकत नाही. यात तथ्य आहे. नवं विकलं गेलं तरच कमाई होते, हेही तितकंच खरं. २००७ मध्ये व्हिस्टा नावाची नवी प्रणाली आली, पण ती जड होती, जुन्या यंत्रांवर रखडायची, म्हणून लोक एक्सपीलाच धरून राहिले. एक्सपीची मुख्य मदत २००९ मध्ये थांबली. सुरक्षेची ठिगळं मात्र ८ एप्रिल २०१४ पर्यंत मिळतील, असं आधीच जाहीर झालं होतं.

ती तारीख आली तेव्हा जगातल्या दर चार कॉम्प्युटरांपैकी एकावर अजून एक्सपीच होती. बहुतेक एटीएम यंत्रंही तिच्यावरच चालत होती, आपल्या देशातलीसुद्धा. ९ एप्रिलच्या सकाळी काय झालं? काहीच नाही. यंत्रं सुरू झाली, टेकडी दिसली, कामं झाली. लोकांना वाटलं, उगाच घाबरवलं.

ज्यांच्याकडे पैसा होता त्यांच्यासाठी तारीख तशीही पुढे सरकत होती. ब्रिटनच्या सरकारने आपल्या सरकारी कचेऱ्या आणि दवाखान्यांसाठी एका वर्षाची ठिगळं सुमारे ५५ लाख पौंडांना विकत घेतली. म्हणजे ठिगळं तयार होतच होती, मिळत होती फक्त पैसे भरणाऱ्यांना. वर्षभराने तो करार सरकारने पुढे चालवला नाही.

राखण थांबल्यावर धोका वाढतो, त्याचं कारण जरा नीट ऐका. नव्या प्रणालीसाठी ठिगळ निघालं की चोराला कळतं की भोक इथे आहे. जुन्या प्रणालीतही बहुधा तेच भोक असतं, कारण नवी जुनीवरूनच बेतलेली. नवीला ठिगळ लागलं, जुनी उघडी राहिली. दर महिन्याला चोराला आयता नकाशा मिळत जातो.

१२ मे २०१७, शुक्रवार. वॉनाक्राय नावाचा किडा दीडशेच्या वर देशांत पसरला. तो यंत्रातल्या फायलींना कुलूप लावायचा आणि किल्लीसाठी ३०० डॉलर मागायचा. इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांना मोठा फटका बसला. डॉक्टरांना रुग्णांचे कागद दिसेनात, काही ठिकाणी तातडीचे रुग्ण दुसरीकडे पाठवावे लागले, अंदाजे १९ हजार तपासण्या आणि शस्त्रक्रियांच्या वेळा रद्द झाल्या. त्यात कुणाची गाठ तपासायची असेल, कुणाचं ऑपरेशन ठरलेलं असेल. आपल्याकडे आंध्र प्रदेशात काही पोलीस ठाण्यांचे कॉम्प्युटर अडकले.

सगळा दोष एक्सपीवर टाकला गेला, पण तो पूर्ण खरा नाही. बळी पडलेली बहुतेक यंत्रं विंडोज सातची होती. तिच्यासाठी ठिगळ दोन महिने आधीच, मार्चमध्ये, फुकट आलं होतं. लावायचं राहून गेलं होतं. हल्ल्यानंतर कंपनीने एक्सपीसाठीही ठिगळ सर्वांना खुलं केलं. मरण जाहीर झाल्यावर तीन वर्षांनी!

दीड महिन्याने, २७ जूनला, तसाच दुसरा हल्ला झाला. त्यात जगातली एक मोठी जहाज कंपनी ठप्प झाली आणि रायगड जिल्ह्यातल्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका धक्क्याचं काम विस्कळीत झालं. आपला कांदा, आपली द्राक्षं परदेशी जातात तेच हे बंदर.

आपल्या एटीएमचं काय झालं? रिझर्व्ह बँकेने बँकांना आधी इशारे दिले. अखेर जून २०१८ मध्ये वेळापत्रकच लावलं: सप्टेंबरपर्यंत निदान चौथा हिस्सा यंत्रं, डिसेंबरपर्यंत निम्मी, आणि जून २०१९ पर्यंत सगळी बदला. म्हणजे राखण संपल्यावर पाच वर्षं! एवढा काळ आपण त्या यंत्रांतून पैसे काढत होतो.

विंडोज सातची राखण १४ जानेवारी २०२० ला थांबली. विंडोज दहाची १४ ऑक्टोबर २०२५ ला. या वेळी नवी अडचण अशी की विंडोज अकराला यंत्रात सुरक्षेची ठरावीक चिप लागते, आणि अनेक जुन्या कॉम्प्युटरांत ती नाही. यंत्र धडधाकट असूनही बाद! घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठिगळं मिळतील, असं कंपनीने जाहीर केलं आहे.

बचत गटाचा, ग्रामसंघाचा हिशेब ज्या कॉम्प्युटरवर आहे त्याचं वय बघायचं असेल तर खिडकीचं चिन्ह असलेली कळ आणि आर ही कळ एकदम दाबा, चौकट येईल, तिच्यात विनव्हर हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. प्रणालीचं नाव समोर येईल. दहा किंवा त्याहून जुनी निघाली तर बँकेचे व्यवहार त्यावरून करू नका. आणि हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन तो यंत्रातून काढून, वहीसोबत कपाटात ठेवा. वॉनाक्रायच्या वेळी ज्यांच्याकडे अशी वेगळी प्रत होती त्यांना यंत्र पुसून, खंडणी न देता पुन्हा काम सुरू करता आलं.