ऐंशी टक्क्यांची वहिवाट : टर्बो गाड्या, इंजेक्टर आणि एका मर्यादेचा इतिहास

टर्बो गाड्यांचे ट्यूनिंग करणाऱ्यांच्या तोंडी एक आकडा हमखास असतो : इंजेक्टरची ड्युटी सायकल ८० टक्क्यांवर, फार तर ८५ टक्क्यांवर जाऊ देऊ नये. का, असे विचारले की बहुधा उत्तर मिळते, ‘तसा नियमच आहे.’ इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशा उत्तराने स्वस्थ बसवत नाही. नियम म्हटला की तो कोणत्या काळात आणि कशासाठी रूढ झाला, हे विचारावेच लागते. आजचा धागा या एका आकड्याचा.

प्रथम संकल्पना समजून घेऊ. पेट्रोल इंजिनातील इंजेक्टर म्हणजे विजेवर चालणारी चिमुकली झडप. वीज मिळाली की तारेच्या वेटोळ्यात चुंबकत्व येते, सुई उचलली जाते आणि दाबाखालचे पेट्रोल तुषारांच्या रूपाने बाहेर पडते. वीज तुटली की स्प्रिंग सुईला जागेवर बसवते. ही झडप नळाच्या तोटीसारखी कमीजास्त फिरवता येत नाही. ती एक तर उघडी असते, नाही तर बंद. इंधन वाढवायचे तर ती अधिक वेळ उघडी ठेवायची, एवढाच उपाय.

चार स्ट्रोकच्या इंजिनाचे एक आवर्तन क्रँकच्या दोन फेऱ्यांत पुरे होते. मिनिटाला ६,००० फेरे असतील, तर दोन फेऱ्यांना २० मिलिसेकंद लागतात. त्यांपैकी १० मिलिसेकंद इंजेक्टरला उघडे राहण्याचा हुकूम असेल, तर ड्युटी सायकल ५० टक्के. १६ मिलिसेकंद असेल, तर ८० टक्के. फेरे ८,००० झाले की सगळा अवकाशच १५ मिलिसेकंदांवर येतो. इंजिन जितके वेगाने फिरते, तितका इंजेक्टरला वेळ कमी आणि मागणी मात्र जास्त. पुढची सारी कथा या विसंगतीची आहे.

आता मागे जाऊ. १९५० च्या दशकापर्यंत मोटारींवर राज्य होते ते कार्ब्युरेटरचे. विजेच्या स्पंदांनी इंधन मोजून देण्याचा पहिला व्यापारी प्रयत्न अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीने केला. ‘इलेक्ट्रोजेक्टर’ असे त्याचे नाव. १९५७ च्या रॅम्बलर रेबेल गाडीसाठी त्याची घोषणा झाली आणि १९५८ मध्ये क्रायस्लरच्या मोजक्या गाड्यांवर तो प्रत्यक्ष बसलाही. कल्पना काळाच्या पुढे होती. त्या काळचे इलेक्ट्रॉनिक सुटे भाग मात्र बॉनेटखालच्या उष्म्यात टिकणारे नव्हते. बहुतेक गाड्यांवर पुढे कार्ब्युरेटर परत चढवले गेले. बेंडिक्सची पेटंटे जर्मनीच्या बॉशकडे गेली आणि १९६७ मध्ये बॉशने डी-जेट्रॉनिक बाजारात आणले. अमेरिकेत धुरावर निर्बंध येऊ घातले होते आणि तिथे विकल्या जाणाऱ्या फोक्सवॅगन १६०० ला ही प्रणाली हवी होती. आपल्या आकड्याला ज्या यंत्राचा आधार आहे, ते यंत्र इथे स्थिरावले. पण त्या गाड्यांना टर्बो नव्हता. इंजेक्टर आणि इंजिन एकमेकांच्या मापाचे करूनच कारखान्यातून बाहेर पडत. मर्यादा होती, परंतु तिच्यापर्यंत पोहोचण्याचे कारण कोणाला नव्हते.

टर्बोचा प्रवाह मात्र वेगळ्या उगमातून वाहत आला. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याचे पेटंट १९०५ चे. प्रवासी मोटारीत टर्बो आला १९६२ मध्ये, अमेरिकेच्याच ओल्ड्समोबाइल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या गाड्यांतून. जेटफायरची गोष्ट सांगण्यासारखी आहे. टर्बोने हवा दाबून भरली की सिलिंडरमधले तापमान चढते आणि ठिणगी पुरते काम करण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप पेट घेते. यालाच नॉकिंग म्हणतात. ते टाळण्यासाठी जेटफायरमध्ये पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारले जाई. मालक ती टाकी भरायला विसरत! टर्बो इंजिनाला हवेइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, थंडाव्याची निकड असते, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते. पुढच्या पिढीने हा थंडावा मुख्यतः पेट्रोलकडूनच घेतला. पूर्ण ज्वलनासाठी १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा पुरते. जोरात चाललेल्या टर्बो इंजिनाला मात्र ११ ते १२ भाग हवेमागे १ भाग पेट्रोल देतात. जादा पेट्रोल बाष्प होताना उष्णता शोषून घेते. म्हणजे टर्बो गाडीत इंधन कमी पडणे ही केवळ ताकद घटण्याची बाब नसते. ज्या क्षणी उष्णता सर्वाधिक, त्याच क्षणी थंडावा कमी पडतो.

इतिहासाचा विनोद असा की, ज्या गाड्यांनी ‘टर्बो’ या शब्दाला वलय दिले त्यांत आपला आकडा मुळी लागूच होत नव्हता. १९७५ ची पोर्शे ९११ टर्बो आणि तिच्यामागोमाग आलेली साब ९९ टर्बो या दोन्हींत बॉशचे के-जेट्रॉनिक होते. त्यातला ‘के’ म्हणजे जर्मन भाषेतला ‘सतत’ या अर्थाचा शब्द. इंजिन चालू असेतोवर तिथले इंजेक्टर अखंड फवारत राहत आणि प्रमाण ठरे ते यांत्रिक वितरकात. अखंड उघड्या झडपेची ड्युटी सायकल ती काय मोजणार?

हे दोन प्रवाह एकत्र आले ते १९८० च्या दशकात, आणि त्यांच्या संगमाचे सर्वांत बोलके उदाहरण जपानमध्ये सापडते. १९८९ मध्ये निसानने स्कायलाइन जीटी-आर आणली, आर-३२ या सांकेतिक नावाची. २.६ लिटरचे सहा सिलिंडर, दोन टर्बो, आणि कागदावर ताकद २८० अश्वशक्ती. हा २८० चा आकडा अभियंत्यांनी नव्हे, तर जपानी कंपन्यांच्या आपसांतल्या समझोत्याने ठरवलेला होता. रस्त्यावरचे अपघात पाहता यापुढे कोणी २८० च्या वर ताकद जाहीर करायची नाही, असा तो अलिखित संकेत. तो २००४ पर्यंत पाळला गेला. कायदा नव्हे, वहिवाट. पण या वहिवाटीमुळे एक विलक्षण गोष्ट घडली. शर्यतीसाठी घडवलेले भक्कम इंजिन रस्त्यावरच्या गाडीत मुद्दाम आवरून बसवले गेले, आणि ते आवरलेले आहे हे प्रत्येक ट्यूनरला ठाऊक होते.

इथे थोडे गणित करू, कारण या प्रकरणातला खरा दस्तऐवज तेच आहे. टर्बो इंजिनाला दर अश्वशक्तीमागे मिनिटाला साधारण ६ घन सेंटिमीटर पेट्रोल लागते. २८० अश्वशक्तीला झाले १,६८०. या गाडीचे मूळ इंजेक्टर मिनिटाला सुमारे ४४० घन सेंटिमीटरचे. सहा मिळून २,६४०. म्हणजे कारखान्यातून निघालेली गाडी पूर्ण जोरात असतानाही ड्युटी सायकल ६४ टक्क्यांच्या आसपास राहते. बूस्ट वाढवून ३५० अश्वशक्ती काढली की ती ८० टक्के होते. ४०० काढली की ९१. पुढे ४४० ला शंभर टक्के भरतात आणि वाट संपते. कारखान्याने शिल्लक ठेवलेला हा एक-तृतीयांशाहून थोडा अधिक भाग म्हणजेच ट्यूनिंगच्या सुवर्णकाळाचे भांडवल. इंजेक्टर न बदलता केवळ बूस्ट चढवून मिळालेली प्रत्येक अश्वशक्ती या ठेवीतून उचललेली होती.

मग ९१ टक्क्यांत बिघडते काय? ९ टक्के तर अजून बाकी आहेत! गोम सुईच्या वजनात आहे. हुकूम मिळाल्यापासून सुई पूर्ण उघडायला १४ व्होल्टवर साधारण १ मिलिसेकंद लागतो, आणि मिटायलाही काही वेळ जातो. ८,००० फेऱ्यांवर ८५ टक्के ड्युटी सायकल असेल, तर मिटून राहण्यासाठी सव्वादोन मिलिसेकंद मिळतात. हीच ९५ टक्के केली, तर उरतात ०.७५ मिलिसेकंद. सुई खाली येते न येते तोच पुढचा हुकूम. ती मध्येच तरंगू लागते. आता संगणकाने वेळ दोन टक्क्यांनी वाढवला म्हणून पेट्रोल दोन टक्क्यांनी वाढेल याची शाश्वती राहत नाही. सहाही सुया सारख्या तरंगत नाहीत. एका सिलिंडरला पुरते मिळते, शेजारच्याला तोकडे. धुराच्या नळीतला सेन्सर अनेक सिलिंडरांची सरासरी दाखवतो, त्यामुळे पडद्यावर सारे आलबेल दिसते. पिस्टन वितळतो तो मात्र सरासरीने नव्हे, एकाच सिलिंडरमध्ये.

ही ठेव केवळ सुईसाठीही नसते. थंडीच्या रात्री हवा घट्ट होते, त्याच बूस्टवर सिलिंडरमध्ये अधिक प्राणवायू शिरतो आणि तितकेच अधिक पेट्रोल मागतो. अल्टरनेटर थकला, व्होल्टेज उतरले, की सुई उघडायला जास्त वेळ घेते. बूस्ट १ बार असेल, तर इंजेक्टरच्या दोन्ही बाजूंतला ३ बारचा फरक टिकवायला पंपाला ४ बार दाब द्यावा लागतो, आणि जितका दाब अधिक तितका पंपाचा पुरवठा कमी. उन्हाळ्यात चाचणी करून ८० टक्क्यांवर सोडलेली गाडी डिसेंबरात ८८ वर पोहोचू शकते. ९५ वर सोडलेल्या गाडीला पोहोचायला जागाच नाही. म्हणूनच ८० हा आकडा कोणा एका शोधकाच्या नावावर नाही. तो कार्यशाळांच्या अनुभवातून वहिवाटीने आला, आणि त्यात सुईचा आळस, हवामानाचा लहरीपणा व पंपाचा थकवा हे तिन्ही एकत्र धरलेले आहेत.

जपानी ट्यूनरांनी या मर्यादेशी कसा व्यवहार केला, हे पाहणे मला सर्वांत उद्बोधक वाटते. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या एचकेएस कंपनीने वेगळा संगणक आणि जादा इंजेक्टर चालवणारी पेटी विकली. हा सरळ मार्ग. पण तिनेच ‘फ्यूल कट डिफेन्सर’ नावाची आणखी एक छोटी पेटी विकली. ठरावीक मर्यादेपलीकडे हवा शिरू लागली की कारखान्याचा संगणक इंधनच तोडून इंजिन वाचवत असे. ही पेटी संगणकाला खरी मर्यादा कळूच देत नसे. जोडीला इंधनाचा दाब वाढवण्याची युक्ती होतीच. पण दाब ३ वरून ४ बार केला, तरी प्रवाह वाढतो तो जेमतेम १५ टक्के, कारण तो दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. पहारेकऱ्याला झोपवून कोठाराचे दार उघडायचे आणि कोठारात धान्य किती ते मोजायचे नाही, असा हा प्रकार. ज्याने डिफेन्सरसोबत मोठे इंजेक्टर बसवले, त्याची गाडी तगली. ज्याने केवळ डिफेन्सर बसवला, त्याला नवे पिस्टन घ्यावे लागले.

आता आपल्याकडे येऊ. २०१३ मध्ये चाकणच्या कारखान्यातून पोलो जीटी टीएसआय बाहेर पडली, १.२ लिटर आणि १०५ अश्वशक्तीची. तिच्यामागून इतरही छोटी टर्बो पेट्रोल इंजिने आली आणि पुण्या-मुंबईत रिमॅप हा शब्द तरुणांच्या सर्रास तोंडी झाला. त्यासोबत ८० टक्क्यांचा नियमही आला. इथे मात्र कालविपर्यास होतो. तो नियम हवेच्या वाटेत पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरांसाठी घडलेला आहे. तिथे झडप मिटलेली असतानाही फवारा मारता येतो, म्हणून दोन्ही फेऱ्यांचा वेळ हाताशी असतो. पोलोच्या या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जाते. धूर बाहेर जात असताना फवारले तर ते धुरासोबत निघून जाणार. ज्वलन चालू असताना फवारण्यात अर्थच नाही. उरतो तो हवा आत घेण्याचा स्ट्रोक आणि दाबण्याच्या स्ट्रोकचा काही भाग. ७२० अंशांपैकी निम्मेही हाती नाहीत. ६,००० फेऱ्यांवर एक अख्खी फेरी १० मिलिसेकंदांची, आणि वापरता येणारी खिडकी त्याहून लहान.

अशा गाडीच्या नोंदींत ड्युटी सायकल ४० टक्के दिसली, तर ती ७२० पैकी २८८ अंश झाली. म्हणजे हवा घेण्याचा सारा स्ट्रोक संपवून दाबण्याच्या स्ट्रोकमध्येही १०८ अंश आत. जुन्या मोजपट्टीने पाहणारा म्हणेल, निम्मी ठेव शिल्लक आहे. प्रत्यक्षात ती संपत आलेली असते. शिवाय इथला दाब ३-४ बारचा नसून इंजिनागणिक १०० ते ३५० बारचा असतो, आणि तो निर्माण करणारा पंप कॅमशाफ्टवर चालतो. मागणी वाढली की बहुधा इंजेक्टरच्या आधी हा पंपच हात टेकतो. त्यामुळे या इंजिनांवर काम करणारे जाणकार ड्युटी सायकलच्या रकान्याकडे नुसती नजर टाकतात आणि फवारा कोणत्या अंशाला संपतो व रेलमधला दाब मागितल्याइतका राहतो का, हे दोन रकाने शेवटच्या फेऱ्यापर्यंत तपासतात.