गांडुळांचा शत्रू : हातोडी डोक्याचा चपटकृमी

नाशिक - पावसाळ्यात कुंडी हलविली, की तिच्या बुडाशी कधी कधी लांबट, चिकट जीव दिसतो. पाहणाऱ्याला तो जळू वा गांडूळ वाटतो. मात्र डोके हातोडीसारखे पसरट आणि पाठीवर गडद रेषा असतील, तर तो 'बायपेलियम केवेन्स' हा चपटकृमी असू शकतो. भारतासह अनेक देशांत पसरलेला हा कृमी गांडुळे खाऊन जगतो. त्यामुळे गांडूळखत वापरणाऱ्या नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांनी व बागप्रेमींनी त्याची ओळख करून घेणे हिताचे आहे.

ओळख : शालेय पुस्तकांतील प्लॅनेरियाचा हा भाईबंद. लांबी सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत, पाठीवर पाच रेषा. गांडुळासारखी वलये अंगावर नसतात. तोंड डोक्याला नसून पोटाखाली मध्यभागी असते. तेथून घसा बाहेर काढून तो पाचकरसाने भक्ष्य विरघळवितो व शोषून घेतो. केंड माशात आढळणारे टेट्रोडोटॉक्सिन हे विष या कृमीतही असल्याचे २०१४ मध्ये स्पष्ट झाले.

प्रसार : मूळ आग्नेय आशियातील या कृमीचे वर्णन १८७८ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानातील काचघरात सापडलेल्या नमुन्यांवरून झाले, नावही त्यावरूनच पडले. रोपांच्या मुळांभोवतीच्या मातीतून तो जगभर गेला. त्याच्या शेपटीचा तुकडा गळून पडतो आणि काही दिवसांत त्याला नवे डोके फुटते. म्हणजेच कुदळीने तुकडे केल्यास एकाचे अनेक होतात.

धडा : २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत गोगलगायींनी सोयाबीन फस्त केले. अशा वेळी गोगलगाय खाणारा कृमी आणावा, असे कोणालाही वाटेल. पॅसिफिक बेटांवर 'प्लॅटिडेमस मनोक्वारी' या चपटकृमीच्या बाबतीत नेमके तेच घडले. आफ्रिकन गोगलगायींसोबत त्याने स्थानिक दुर्मिळ गोगलगायीही संपविल्या. आज तो जगातील शंभर घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे.

उपाय : नवे रोप आणल्यावर कुंडीचे बूड व मुळांची माती तपासावी. कृमी आढळल्यास उघड्या हाताने उचलू नये, तोडू नये. हातमोजे घालून तो मिठाच्या वा व्हिनेगरच्या डब्यात टाकावा. नंतर हात साबणाने धुवावेत. गांडूळखताच्या वाफ्यात बाहेरची माती तपासल्याशिवाय टाकू नये.