ॲपलच्या घरात दुसरे बिऱ्हाड

२००५ साली स्टीव्ह जॉब्सने एक देणगी देऊ केली आणि ज्यांना द्यायची त्यांनी ती नको म्हटली. एमआयटीतले निकोलस निग्रोपॉन्टे आणि त्यांचे सहकारी तेव्हा गरीब देशांतल्या मुलांसाठी शंभर डॉलरचा लॅपटॉप बनवायच्या खटपटीत होते. त्यावर ॲपलची मॅक ओएस एक्स फुकट घाला, असा जॉब्सचा प्रस्ताव होता. पण मुलांना जिचा सोर्स कोड उघडून पाहता येणार नाही अशी प्रणाली या गटातल्या सेमूर पेपर्ट आणि मंडळींना नको होती. त्यांनी खुल्या सोर्स कोडची लिनक्स ही प्रणाली घेतली. हे हिरवे-पांढरे लॅपटॉप भारतात पहिल्यांदा पोहोचले ते २००७ साली, रायगड जिल्ह्यातल्या खैराट इथल्या एकशिक्षकी मराठी शाळेत.

गंमत अशी, की एकीकडे ॲपलची प्रणाली नाकारली जात असताना दुसरीकडे खुद्द ॲपलच्याच लॅपटॉपमध्ये लिनक्स बसवणारी मंडळी जवळजवळ दहा वर्षे कामाला लागलेली होती. आणि त्याचा मुहूर्त ॲपलनेच केला होता! १९९६ साली कंपनीची घडी पार विस्कटली होती, जॉब्स अजून परतायचा होता. त्या वर्षी ॲपलने ओपन सॉफ्टवेअर फाउंडेशनबरोबर ‘एमके-लिनक्स’ काढले. पॉवरपीसी प्रोसेसरच्या मॅकवर माख नावाचा गाभा आणि त्याच्या डोक्यावर लिनक्स, अशी ती दुमजली रचना होती. चालायला जड होती. पुढे कंपनीने त्यातून अंग काढून घेतले. पण तोवर स्वयंसेवकांचे लिनक्सपीपीसी, डेबियन आणि १९९९ साली आलेले यलो डॉग लिनक्स यांनी मॅकवर बस्तान बसवले होते.

त्या काळी एका लॅपटॉपवर दोन प्रणाली ठेवणे (ड्युअल बूट) म्हणजे दिवसभराचे काम. आधी सगळ्या फायली दुसरीकडे काढून ठेवायच्या, डिस्क कोरी करून तिची पार्टिशन पाडायची, एका भागात मॅक ओएस नव्याने भरायची आणि उरलेल्यात लिनक्स. मग याबूट नावाचा चिमुकला प्रोग्राम सुरुवातीलाच विचारायचा: लिनक्स हवे तर ‘एल’ दाबा, मॅक ओएस एक्स हवी तर ‘एक्स’. काही सेकंदांत बोट हलले नाही, की तो आपल्या मनाने एक निवडून मोकळा. एवढे करूनही वायफाय लागेलच असे नव्हते. ॲपलच्या एअरपोर्ट एक्स्ट्रीम कार्डातली ब्रॉडकॉमची चिप कशी चालते हे कुणी सांगायला तयार नव्हते. हौशी प्रोग्रामरांनी ती उलगडून लिहिलेला ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ गाभ्यात आला तो २००६ साली. तोवर मॅक ओएसमध्ये सुरळीत चालणारे वायफाय लिनक्समध्ये गेले की गप्प.

त्याच वर्षी सगळा पट उलटला. जानेवारी २००६ मध्ये इंटेल प्रोसेसरचे पहिले मॅक आले आणि ५ एप्रिलला ॲपलने बूट कॅम्प जाहीर केले. ते होते विंडोजसाठी, पण डिस्क न पुसता पार्टिशन लहान करायची सोय त्यातून आली आणि लिनक्सवाल्यांनी त्या फटीतून आपले बिऱ्हाड आत आणले. रिफिट आणि २०१२ नंतर रिफाइंड या बूट मेनूंनी उरलेला त्रास बराच कमी केला. ऑप्शनची कळ दाबून मॅक चालू करायचा, पेन ड्राइव्हचे चित्र दिसले की एंटर मारायचे, इतके ते सोपे झाले. लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्डस स्वतः काही काळ छोटा मॅकबुक एअर वापरत होता, अर्थात मॅक ओएस बाजूला सारून.

मात्र लिनक्स चालले म्हणजे मराठी चालली, असा हिशेब कधीच नव्हता. जुन्या लिनक्स डेस्कटॉपवर नांदेड जिल्ह्यातले ‘माहूर’ नीट दिसायचे आणि त्याच्या शेजारचे ‘किनवट’ बिघडायचे. ‘कि’मधली वेलांटी साठवताना ‘क’च्या नंतर येते, पण पडद्यावर ती आधी काढावी लागते. ही अदलाबदल करणारा भाग नसेल, तर ‘किनवट’चे ‘कनिवट’ दिसते. माहूरच्या ‘श्री रेणुकादेवी’मधल्या ‘श्री’चा तर पाय मोडून श, र आणि वेलांटी सुटीसुटी व्हायची. हे दुरुस्त करायचे बरेच काम महाराष्ट्रात झाले. २००० च्या सुमारास वेंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी मुंबईत इंडलिनक्स सुरू केले, जी. करुणाकर आणि इतर स्वयंसेवकांनी भारतीय भाषांमधले मेनू, फॉन्ट आणि चाचण्या यांत वर्षे घातली. २००४ साली रेड हॅटने लोहित फॉन्ट मुक्त परवान्याने खुले केले आणि त्यांची पुढची निगा पुण्यातल्या कार्यालयातून राखली गेली. पुण्याच्या लिनक्स युजर्स ग्रुपच्या बैठकांना आणि सिंबायोसिसमधल्या ‘ग्नुनिफाय’ला पेन ड्राइव्ह घेऊन जाणाऱ्यांची एक पिढीच आहे.

दोन्ही प्रणालींना जोडणारी एक गोष्ट त्याहून जुनी आहे. सरकारने १९८६ साली ठरवलेली इनस्क्रिप्ट मांडणी मॅकमध्येही आहे आणि लिनक्समध्येही. ज्याची बोटे तिच्यावर बसली त्याला कोणती प्रणाली चालू आहे हे टायपिंगपुरते विसरता येते. उलट डीटीपी सेंटरमध्ये श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये रचलेली लग्नपत्रिका किंवा स्मरणिका या दोन्हींपैकी कुठेही उघडा, रोमन अक्षरांची खिचडीच समोर येते. तिथे ड्युअल बूटचा काही उपाय चालत नाही.

माहूरसारख्या ठिकाणी या सगळ्याचा उपयोग कुणाला? पैनगंगेच्या काठावरचा हा नांदेड जिल्ह्यातला तालुका. इथल्या लोकांना खुद्द नांदेडपेक्षा पुसद आणि यवतमाळ जवळ. अशा गावात नवा कोरा मॅक ही चैनच. पण पुण्या-मुंबईच्या नोकरदारांनी काढून टाकलेले मॅक जुन्या बाजारात फिरत असतात, आणि तिथे २०१२ च्या तेरा इंची मॅकबुक प्रोला तोड नाही. ॲपलने तो २०१६ पर्यंत विकला. त्याची रॅम बदलता येते, हार्ड डिस्क बदलता येते. सीडी ड्राइव्ह काढून त्या जागी दुसरी डिस्क बसवली, तर दोन प्रणालींना दोन स्वतंत्र डिस्क मिळतात आणि पार्टिशनची भानगडच संपते. या यंत्राला मॅक ओएसची शेवटची आवृत्ती मिळाली ती २०१९ ची कॅटालिना. तिथून पुढे ते जिवंत ठेवते लिनक्स. शिकायला कुठे जायचे हाही प्रश्न उरलेला नाही: आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीत आहेत.

नव्या यंत्रांनी मात्र दार पुन्हा लोटून घेतले. २०१८ पासूनच्या लॅपटॉपमध्ये टी-२ ही सुरक्षा चिप आली. परकी प्रणाली चालवायची तर तिची बंधने आधी सैल करावी लागतात. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलचा स्वतःचा एम-१ प्रोसेसर आला आणि बूट कॅम्पच गेले. ॲपलने माहितीपत्रक दिले नाही, पण मालकाने स्वतः पासवर्ड टाकून परवानगी दिली तर दुसरा गाभा चालेल, ही सोय चिपमध्ये मुद्दाम ठेवली.  त्या सोयीवर हेक्टर मार्टिन या प्रोग्रामरने असाही लिनक्स उभे केले. जुलै २०२२ मध्ये टॉरवाल्डसने लिनक्सची ५.१९ ही आवृत्ती जाहीर केली ती असाही चालणाऱ्या मॅकबुक एअरवरूनच. डिसेंबर २०२३ मध्ये एम-१ आणि एम-२ साठी फेडोरा असाही रीमिक्स आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये मार्टिन बाजूला झाला, तरी बाकीच्यांनी काम सोडलेले नाही.

आता पेन ड्राइव्हही लागत नाही. मॅकच्याच टर्मिनलमध्ये एक ओळ टाकली की असाहीचा इन्स्टॉलर डिस्क आखडून जागा करतो. मग लॅपटॉप पूर्ण बंद करायचा, थोडे थांबायचे आणि पॉवरचे बटन पर्याय दिसेपर्यंत दाबून धरायचे. फक्त एक अट बदलली आहे. जुन्या इंटेल मॅकवरून मॅक ओएस साफ पुसून टाकता यायची. एम-१ वर फर्मवेअरचे अपडेट तिच्याच मार्गाने येतात, म्हणून असाहीवाले तिचे एक पार्टिशन राहू द्या असे सांगतात.