गारगोटीची निळाई

'फायेन्स' हे नाव मुळात इजिप्तचं नाहीच. ते इटलीतल्या फाएन्झा गावचं. तिथली मुलामा दिलेली मातीची भांडी युरोपभर गाजली आणि पुढं इजिप्तच्या चकचकीत निळ्या वस्तूंनाही तेच नाव चिकटलं. प्राचीन इजिप्शियन लोक त्यांना 'चेहेनेत' म्हणत, म्हणजे झळाळणारं. मला विचाराल तर तेच नाव ठेवायला हवं होतं.

ही चिनीमाती नव्हे, कुंभाराची मातीही नव्हे. गारगोटी किंवा वाळू दळायची, त्यात थोडा चुना आणि सोडाखार घालायचा, रंगासाठी तांबं. भट्टीतून निघतं ते थेट पिरोजासारखं. पिरोजाची हौस गारगोटीवर भागवण्याचा हा उद्योग हजारो वर्षं चालला होता.

इसवी सनापूर्वी ३० मध्ये क्लिओपात्रा गेली, इजिप्त रोमचा प्रांत झाला. नाईलकाठचं धान्य रोमला जाऊ लागलं. राज्य गेलं, पण भट्ट्या विझल्या नाहीत. वाडगे, सुरया, थाळ्या घडत राहिल्या. गर्द निळ्यावर फिकट निळ्या वेली, पक्षी, फुलांच्या माळा. नक्षीत ग्रीक-रोमन चाल आली, निळाई मात्र जुनीच.

हे आपल्याला कळतं कसं? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लिंडर्स पेट्री यांनी मेम्फिसच्या कोम हेलुल भागात रोमन काळातल्या भट्ट्या खणून काढल्या. भांडी जाड मातीच्या डब्यांत रचत. मध्ये मातीचे छोटे सुळके ठेवत, म्हणजे वितळलेल्या झिलईनं भांडी एकमेकांना चिकटू नयेत. तरी काही चिकटलीच. जमलेली भांडी विकली गेली, दूरवर पोचली. बिघडलेली तिथंच पडली. कारागिरांची रीत सांगायला आज तीच उपयोगी पडतात. त्या हातांची नावं मात्र कुठं नाहीत.

या मंडळींसमोर नवा स्पर्धकही उभा होता. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सीरिया-पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर काच फुंकून भांडी करण्याची युक्ती निघाली. फुंकलेली काच झटपट होई, स्वस्त पडे. तरीही निळी भांडी पुढं काही शतकं टिकली, मग मागं पडत गेली.

हान्स वुल्फ या अभ्यासकाला १९६०च्या दशकात इराणमधल्या कोम शहरात याच जातीचं काम चालू दिसलं. कृती मेम्फिसहून निराळी: गारगोटीच्या पिठाचे मणी खारट भुकटीत पुरून भाजायचे. निळे मणी तयार होत आणि ते गाढवांच्या गळ्यात बांधले जात.