विधी विद्यार्थी आणि मोफत अपील

‘होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ प्रकरणातील कैद्याने उच्च न्यायालयाच्या १९७३ मधील निकालाविरुद्ध चार वर्षांहून अधिक विलंबाने दाद मागितली. तोवर शिक्षा भोगून झाली होती. कैद्याला निकालाची प्रत वेळेत व विनामूल्य आणि निर्धनास अपिलासाठी मोफत वकील मिळावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये स्पष्ट केले. पुढे विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ मध्ये विधी महाविद्यालयांतील विधी सेवा केंद्रांना चालना देण्याची तरतूद झाली. सनदेअभावी विद्यार्थ्यांना वकिलीचा अधिकार नसतो. त्यामुळे वकिलांच्या देखरेखीखाली साक्षी-पुरावे वाचणे, पूर्वनिर्णय शोधणे, अपिलाच्या आधारांचा मसुदा करणे हे त्यांचे प्रत्यक्ष शिक्षण ठरते. मुदत मोजकी असल्याने ही मदत कैद्यासाठी मोलाची असते.