चिंधीचा कागद, कागदाचं फडकं

ओट्यावर दूध सांडलं की आपला हात फडक्याकडे जातो. शहरातल्या पुष्कळ घरांत तो आता कागदी रुमालांच्या गुंडाळीकडे जाऊ लागला आहे. फाडायचं, पुसायचं, फेकायचं. ही सवय आली कुठून, आणि तिच्याऐवजी फडकी शिवायची ती कशी, हे आज सांगायचं आहे.

गंमत अशी, की शतकानुशतके कागदच मुळी चिंध्यांपासून होत असे. चीनच्या राजदरबारातील त्साय लुन या अधिकाऱ्याने इ. स. १०५ मध्ये कागदाची जी रीत बादशहापुढे ठेवली, तीत झाडाची साल, सण, चिंध्या आणि मासे धरण्याची जुनी जाळी वापरलेली होती. लांब कशाला जा! दौलताबादेजवळ कागजीपुरा नावाचे गाव आहे. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादेस हलवली, तेव्हा कागद करणारे कारागीर तिकडे आले, असे तिथली परंपरा सांगते. चिंध्या भिजवायच्या, कुटायच्या, लगदा हौदातल्या पाण्यात कालवायचा आणि चौकटीवर अलगद उचलून घ्यायचा. युरोपातल्या कागद-गिरण्याही चिंध्यांवरच चालत. तिथे चिंधी गोळा करणाऱ्यांचा एक धंदाच होता. फाटकं धोतर तेव्हा कचरा नव्हतं, कच्चा माल होतं.

१८४४ च्या सुमारास जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात फ्रीडरिख केलर या विणकराने फिरत्या दगडावर लाकूड घासून त्याचा लगदा काढला. पुढे हळूहळू कागद इतका स्वस्त झाला, की तो लिहिण्याऐवजी पुसायलाही परवडू लागला.

कागदी रुमालाची कथा अमेरिकेतली. असं सांगतात, की १९०७ साली फिलाडेल्फियाच्या स्कॉट कंपनीकडे वाघिणभर कागद आला, तो शौचालयाच्या कामाला फार जाड निघाला. सर्दी झालेल्या मुलांना एक शिक्षिका हात पुसायला कागदाचे तुकडे देते, हे आर्थर स्कॉट यांनी ऐकलं होतं. त्यांनी त्या जाड कागदावर फाडण्यापुरत्या भोकांच्या ओळी पाडून तो रुमाल म्हणून विकला. १९३१ मध्ये खास स्वयंपाकघरासाठी गुंडाळी आली.

याला नुसतं श्रीमंतांचं खूळ समजू नका. शाळेत, स्टेशनात एकच टॉवेल टांगलेला असे आणि शेकडो माणसं त्याला तोंड पुसत. शिक्षक मंडळींना खुपरी माहीत असेलच. डोळ्यांचा हा रोग हातांवरून, माश्यांवरून आणि सामाईक फडक्यावरूनही पसरतो. खुपरी ही भारतात आता सार्वजनिक आरोग्याची समस्या उरलेली नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली मान्य केलं. दवाखान्यातला कागदी रुमाल म्हणूनच मला पटतो. घरातला मात्र नाही! तेलकट झालेला तो कागद रद्दीवालाही घेत नाही, आणि त्याचे आखूड तंतू पुन्हा लगद्याच्या फारसे कामाचे नसतात.

आता शिवण. जुनं सुती लुगडं, धोतर किंवा पंचा घ्या. टेरिलीन नको, ते पाणी शोषत नाही. कोरा कापड असेल तर आधी धुवा, म्हणजे खळ निघेल आणि जे आटायचं ते आधीच आटेल. वीतभर लांबी-रुंदीचे चौकोन कापा, पातळ कापड दुहेरी करा, कडा आत दोनदा मुडपून टीप मारा. मशीन नसेल तर बारीक धावदोरा पुरे. एका घराला डझनभर लागतात, कारण वापरलेलं रोज धुवायचं आहे. उकळत्या पाण्यात काढा, कडक उन्हात वाळवा. ओलं गोळा करून टाकलं की त्याला वास आलाच म्हणून समजा.

आणि दोरा निरनिराळ्या रंगाचा घ्या, बरं का. ओट्याच्या फडक्याला तांबडा, हात पुसायच्या रुमालाला निळा, आणि ज्याला काहीच नाही ते पोतेरं. घरातल्या लहान मुलालाही मग विचारावं लागत नाही.